धक्का द्या जी!

अमेरिकेत आमच्या वयाची माणसं जुन्या मस्टँगवर जीव टाकतात. १९६४च्या एप्रिलमध्ये फोर्डने ती बाजारात आणली, त्याच सुमारास पाँटियाकची जीटीओ आली आणि साडेसहा लिटरच्या घरातली इंजिनं रस्त्यावर गुरगुरू लागली. मग १९७३ साली अरबांनी तेल तोडलं, धुराचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, आणि दहाएक वर्षांत खेळ आटोपला. तेवढ्या भांडवलावर तिकडची एक अख्खी पिढी अजून उसासे टाकते आहे. आमच्या लाखांदूरच्या चौकात मोबाइलवर मस्टँगचा आवाज ऐकत बसलेल्या पोरांना हा इतिहास आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. आम्ही मस्टँग कधी पाहिली नाही. आमच्या वाट्याला अमेरिकेची एकच गाडी आली, आणि तिला गुरगुरता येत नव्हतं. ती खोकायची.

ती म्हणजे जीप. ओहायोतल्या टोलेडो गावच्या विलिस कंपनीची युद्धातली गाडी. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी तिचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली आणि पुढे ती इथलीच झाली. आमच्या तालुक्यात ती आधी सरकारी म्हणून आली. तहसीलची जीप, जंगलखात्याची जीप, इटियाडोहच्या कालव्यावर फिरणाऱ्या साहेबांची जीप. धूळ दिसली की पोरं धुऱ्यावर उभी राहायची आणि मोठी माणसं घरात शिरायची. वसुली असेल तर काय घ्या!

आता गावात कोणाची गाडी आली हे बघायला कोणी मान वर करत नाही. तेव्हा इंजिनाच्या आवाजावरून कोणता साहेब येतोय ते ओळखायचं. आता दारात हॉर्न वाजला तरी पार्सलवाला असेल म्हणून उठायचं नाही.

जुन्या पेट्रोल जीपला सकाळी उठवणं हा एक सोहळाच असायचा. थंडीत बॅटरी बसलेली. मग पुढच्या बंपरच्या भोकातून हँडल घालायचं, चोक ओढायचा, आणि ज्याच्या मनगटात दम असेल त्याने पुढे व्हायचं. हँडल धरायची रीत ठरलेली होती. अंगठा दांड्याला वेढायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर आधी अंगठा जायचा, मग मनगट. ही रीत कोणी पुस्तकात वाचली नव्हती. ज्यांचं मनगट एकदा मोडलं होतं ते बाजूला उभे राहून ती सांगायचे. उन्हाळ्यात तऱ्हा वेगळी. मे महिन्यात साकोलीच्या वाटेवर ती मधेच बंद पडायची, कारण तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची. मग ड्रायव्हर बोनेट उघडून गळ्यातला दुपट्टा पाण्यात भिजवायचा, पंपावर गुंडाळायचा आणि पळसाच्या सावलीत विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत पंप थंड व्हायचा. हे गणित कंपनीच्या एकाही इंजिनिअरने मांडलं नसेल, पण बरोबर यायचं.

आज बटण दाबलं की गाडी सुरू होते. कोणाचं मनगट मोडत नाही आणि कोणाची विडीही होत नाही. चांगलंच आहे. फक्त गाडी सुरू झाल्याचा आनंद आता कोणाला होत नाही. सुरू होणारच होती, त्यात काय?

जीप कुठेही जाते, अशी तिची ख्याती होती. खरं सांगायचं तर ती कुठेही जायची आणि तिथेच राहायची. पावसाळ्यात धानाच्या बांधीतून वाट काढताना चारही चाकं चिखलात बसली की छोटा गिअर, मोठा गिअर, देवाचं नाव, सगळं करून व्हायचं. शेवटी कोणीतरी रोवणीवरची हेल्यांची जोडी सोडून आणायचा. महायुद्ध जिंकून आलेली गाडी आमच्या हेल्यांनी बाहेर ओढलेली आम्ही पाहिली आहे. चुलबंद नदीला पूर आला की ती निमूट काठावर उभी राहायची, आमच्यासारखीच.

आता साकोलीहून लाखांदूरमार्गे वडश्याला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. हेल्यांची गरज उरली नाही, आणि हेलेही फारसे उरले नाहीत.

पण जीप आमची झाली ती साहेबांमुळे नव्हे, काळीपिवळीमुळे. लांब पाठीच्या कमांडर आल्या, डिझेलच्या, मागे समोरासमोर बाकडी आणि वर ताडपत्री. वडश्याला गोंदिया-बल्लारशाची गाडी गाठायची तर त्याच. भरल्याशिवाय निघायची नाही, आणि ‘भरली’ म्हणजे काय हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक. परवान्यावरच्या आकड्याच्या दुप्पट माणसं आत गेली की तो स्वतः अर्धा बाहेर लटकून बसायचा आणि त्याच्या उजव्या हाताला आणखी एक सवारी घ्यायचा. मांडीवर परक्याचं पोर, पायाशी परक्याची कोंबडी. वडसा येईपर्यंत कोणाच्या पोरीचं कुठे जमलं, कोणाच्या धानावर तुडतुडा पडला, कोणतं नाटक यंदा पडेल, सगळं कळायचं. मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचा भोंगाही जीपवरच बांधलेला असायचा, आणि निवडणुकीचाही. तेव्हा लाखांदूर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००८च्या पुनर्रचनेत तो गेला, आम्ही साकोलीत जमा झालो. जीप आधी गेली की मतदारसंघ, यावर पानठेल्यावर अजून वाद होतात.

आता घराघरात मोटरसायकल आहे. निघायचं तेव्हा निघतो, पोचायचं तेव्हा पोचतो, आणि वडश्यापर्यंत कोणाशी एक शब्द बोलत नाही.

इतकं सगळं हळवेपणाने सांगत होतो तेव्हा घरातून आवाज आला, “तुमाले जीप याद येते, आमाले कंबर.” त्यापुढे काही बोलता येईना. आजवर जीपसाठी गहिवरलेली जितकी माणसं भेटली, ती सगळी पुरुष होती. समोरच्या सीटवर बसलेली, नाहीतर मागच्या फळीवर उभी राहून वारा खाल्लेली. मधल्या बाकड्यावर नऊ महिन्यांचं पोट सावरत, ताडपत्रीखालच्या डिझेलच्या वासात उलटी दाबत बाळंतपणासाठी निघालेल्या बाईने जीपची आठवण काढल्याचं ऐकिवात नाही. त्या काळच्या गाडीला सीटबेल्ट नव्हता, दारं नव्हती, आणि उलटली तर वाचवायला ताडपत्री. आम्ही वाचलो म्हणून आठवणी सांगतोय. जे वाचले नाहीत त्यांचं स्मरणरंजन कोण लिहिणार?

तरीही थार दिसली की मान वळतेच. महिंद्रांची ही गाडी नव्या अवतारात २ ऑक्टोबर २०२० रोजी आली. पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचं, म्हणजे जुन्या पेट्रोल जीपच्या दुपटीच्या आसपास. एवढ्या ताकदीवर आमच्याकडे काय होतं? बोनेटवर वाढदिवसाचा केक कापला जातो. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत महिंद्रांच्याच रॉक्सर गाडीवर आक्षेप टिकला, की हिचा चेहरा जीपसारखा दिसतो. तिला तिथे रूप बदलावं लागलं. जो चेहरा अमेरिकेनेच आपल्याला दिला, तोच घेऊन अमेरिकेत जाता येईना! इथे मात्र तालुक्यातली दोन-चार पोरं भंगारातून जुन्या जीप काढून घासूनपुसून उभ्या करताहेत. सोपं नाही ते. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करायला पूर्वी ६०० रुपये लागत, एप्रिल २०२२मध्ये ते ५,००० झाले. मूळ रचनेत मनासारखे फेरफार करायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये बजावलं आहेच. रुंद टायर आणि रंगीत दिव्यांपेक्षा जुना कार्बोरेटर मिळवणं जास्त खर्चाचं. या पोरांनी काळीपिवळीत एक दिवसही काढलेला नाही, म्हणूनच त्यांचं प्रेम आमच्यापेक्षा निर्मळ आहे. त्यांच्यात आम्हीही घुटमळतो. धक्का मारायला माणसं लागतातच, आणि ‘धक्का द्या जी’ अशी हाक आली की आमच्या पिढीला घरी बसवत नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, नाहीतर आजोबांच्या पेटीत जुन्या पेट्रोल जीपचा कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी किंवा नुसतं हँडल पडलेलं असेल, तर ते भंगारवाल्याला किलोने देऊ नका. जवळच्या मिस्त्रीला दाखवा. कोणीतरी ते शोधत असणार.