जल, तरू, तृण, काष्ठ

शिरूर-दौंडकडच्या जुन्या बागाईतदाराला घराण्याचा इतिहास विचारा, तो आतून पत्र्याची पेटी आणतो. फेरफार, सातबारे, पिवळी पडलेली खरेदीखतं. खरेदीखतात एक ओळ ठरलेली: जमीन दिली ती जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. एवढं लिहूनही पेटीत न मावलेलं काही होतं.

मोट. चामड्याची, दोन दोरांची. जाड तो नाडा, बारीक तो सोंदूर. बैल धावेवरून उतरले की पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटाने झाडांच्या आळ्यांत. पुढे इंजिन आलं, वीज आली, ठिबक आलं. विहीर आहे अजून. धावेच्या उतारावर आता मोटारसायकली लावतात, आणि थारोळं म्हणजे काय ते नातवाला सांगावं लागतं.

शेतांची नावं. चिंचेची पट्टी, मळई, थोरल्या विहिरीचं. 1947च्या तुकडेबंदी कायद्यानंतर एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तरी घरात नावच चालायचं. ते मोडलं वाटण्यांनी. पट्टीच्या चार पट्ट्या होतात, पण चिंचेचे चार वाटे कसे करणार? मग ती तोडून पैसे वाटून घ्यायचे. खतातला तरू काष्ठात गेला.

ताण. ही खरी विद्या. कागदी लिंबाला भाव उन्हाळ्यात. तेव्हा फळ हवं तर हस्त बहर धरायचा, म्हणजे ऐन पावसाळ्यात झाडाला तहानेवर ठेवायचं. मावळात हे जमलं नसतं. इकडे पाऊस मुळातच बेताचा, आणि या माणसांनी त्या दुखण्यातूनच उन्हाळ्याचा पैसा काढला. आळी उकरून मुळं उघडी टाकायची, पानं मलूल होऊन गळेपर्यंत थांबायचं. नेमकं किती थांबायचं ते म्हातारा पान चुरगाळून सांगायचा. आता संजीवकाची फवारणी असते, डब्यावर प्रमाण छापलेलं.

गणेश डाळिंब. 1936 साली पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चिमा यांनी निवडलेलं. दाणा फिकट, बी मऊ. म्हाताऱ्यांच्या दातांचं फळ. भगवा जातीच्या रंगापुढे बाजारात ते टिकलं नाही. पुढे तेल्या रोगाने भगव्याच्याही बागा काढायला लावल्या.

बागेतली नजर. लिंबाच्या ओळीत वाकलं की खोडांमधून पलीकडचा बांध दिसायचा. चिंचणीच्या घोड धरणाचं, खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी फिरलं, न्हावऱ्याला आणि पाटसला साखर कारखाने झाले आणि ऊस पसरला. उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही. त्यात बिबट्याची मादी पिलं घालते. संध्याकाळी पोरं एकटी मळ्यात जात नाहीत.

याच भागात, घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली, पाण्याचा पाट निघाला, जव निघाले, कोळसा झालेल्या बोराच्या बिया निघाल्या. पाण्याची पाळी कुणाची, वाटणी कशी झाली, ते मातीत उरलेलं नाही.

गावठी बोर अजून बांधावर आहे. दोन भावांच्या मधोमध. वाटपात तिला कुणी मोजलंच नव्हतं.