पडदा दोघांचा वाकडा, त्रास एकालाच

आरे कॉलनीतली दुग्ध वसाहत 1951 साली सुरू झाली. शहरातल्या म्हशी इथे आल्या, त्यांच्याबरोबर माणसेही आली. आमचे घरही तबेल्याच्या कामावरच उभे आहे. खोल्या लहान, म्हणून रात्री कोण कसा श्वास घेतो हे सगळ्यांना ठाऊक असते. धाकटा भाऊ तोंड उघडे टाकून झोपतो, घोरतो आणि फजरला कोरड्या घशाने उठतो. नंतर स्कूटरवर दूध घालायला जातो. झोप अपुरी आणि हातात स्कूटर, याचीच अम्मींना धास्ती.

पालिकेच्या रुग्णालयात तपासले तेव्हा कागदावर ‘डीएनएस’ लिहून मिळाले, म्हणजे नाकाचा मधला पडदा वाकडा. सोबत गेलेल्या थोरल्या भावाचेही नाक डॉक्टरांनी पाहिले. त्याचा पडदा तर धाकट्यापेक्षा जास्त वळलेला! आणि त्याला कधी साधी तक्रारही नाही. ऑपरेशन म्हणजे धाकट्याचा काही दिवसांचा रोज बुडणार. त्यामुळे हा फरक आम्हाला समजून घ्यावाच लागला.

आपण ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतो, पण ते वाढलेले नसते, वळलेले असते. पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा. अगदी सरळ पडद्याची माणसे थोडीच. खरा प्रश्न तो कुठे वळला हा. नाकपुडीपासून एक-दीड सेंटीमीटर आत नाकाची सर्वांत अरुंद जागा असते. तिथला थोडासा बाकही हवा अडवतो, मागचा मोठा बाक पुष्कळदा जाणवतही नाही. गोल नळीची रुंदी निम्मी झाली तर संथ प्रवाहाला होणारा अडथळा सोळा पट वाढतो. नाक काही गोल नळी नाही, पण हिशेब त्याच दिशेचा. धाकट्याचा बाक पुढे आहे, थोरल्याचा मागे.

दुसरे कारण सुजेचे. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल घड्या असतात. त्या काही तासांच्या पाळीने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फुगतात. एरवी हे कळतही नाही. पण एक बाजू आधीच अरुंद असेल आणि फुगण्याची पाळी मोकळ्या बाजूची आली, तर दोन्ही बाजू बंद. आडवे झाल्यावर सूज आणखी वाढते. त्यात अ‍ॅलर्जी असली की विचारू नका. धाकटा रोज भुशाची पोती मोकळी करतो आणि शिंकतो. पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरते, तेव्हा आणखी बेजार होतो. थोरल्याला अ‍ॅलर्जीच नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला नवीन होती. आत जाणाऱ्या हवेचा गारवा नाकातल्या मज्जातंतूंना जाणवतो, त्यावरूनच मेंदू नाक मोकळे असल्याचे ठरवतो. ही जाणीव प्रत्येकाची वेगळी.

डॉक्टरांनी आधी सूज उतरवायला सांगितले. रोज नाकात मारायचा स्प्रे, भुसा झाडताना तोंड-नाक बांधणे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे. वुजूत आपण नाकात पाणी घेतोच, पण असे खोलवर धुवायचे पाणी उकळून गार केलेलेच हवे. नाक झटकन मोकळे करणारे थेंब आठवड्याहून जास्त वापरले तर नाक उलट अधिक चोंदते, हेही बजावले. घोरताना श्वास थांबत असेल किंवा दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेची वेगळी तपासणी लागते.

दोन महिन्यांत शिंका कमी झाल्या, रात्री शांत झाल्या. डावी नाकपुडी मात्र अजून कोंडलेलीच. पुढच्या तपासणीत ऑपरेशनचे ठरेल आणि लागले तर आम्ही ते करू. पण ते कागदावरच्या ‘डीएनएस’साठी नसेल, उरलेल्या त्रासासाठी असेल. तुमच्या घरात असा कागद आला तर डॉक्टरांना एवढेच विचारा: बाक कुठे आहे, सूज किती आहे आणि ती उतरल्यावर काय उरते?