हौदाचें पाणी

पाणी नितळ झालें म्हणजे तें निर्दोष झालें, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला, त्यानंतर आम्हांस ती समजूत सोडावी लागली. आमच्या विहिरीचें पाणी गढूळ झालें होतें, आणि परसांतील हौदांत डुंबण्याचा धाकट्या भावंडांचा हट्ट तर सुटेना.

आजीचा उपाय ठरलेला: तुरटी फिरवा. उपाय खरा आहे. परंतु तुरटी एकटीनें काम करीत नाहीं. पाण्यांत विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांशीं तिचा संयोग झाला तरच कापसासारखे पुंजके बनून गाळ तळाशीं बसतो. या क्षारांच्या सांठ्यास क्षारता म्हणतात. एक मिलिग्रॅम तुरटी सुमारें अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाऊन टाकते. आमचा हौद तीन मीटर लांब, दोन रुंद व एक खोल, म्हणजे ६,००० लिटरांचा. त्यांत लिटरामागें ४० मिलिग्रॅम या मानानें २४० ग्रॅम तुरटी लागली व लिटरामागें २० मिलिग्रॅम क्षारता गेली. ती भरून काढण्यास खाण्याचा सोडा सुमारें २०० ग्रॅम पुरतो.

क्षारता आणि पी.एच. यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पी.एच.चें माप सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानें १९०९ सालीं कोपनहेगन येथें काढलें. सात हा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. व प्रत्येक पायरी दसपट. पी.एच. म्हणजे आजचा बाजारभाव, तर क्षारता म्हणजे कोठींतील धान्य. कोठी भरलेली असली म्हणजे भाव एकदम चढत वा कोसळत नाहीं.

मग ब्लीचिंग पावडर. हजार लिटरांस अडीच ग्रॅम या हिशेबानें आमच्या हौदास १५ ग्रॅम. पण पुराच्या घाणीनें क्लोरीन खर्चून जातो, म्हणून तासाभरानें लिटरामागें अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे कीं नाहीं हें पाहावेंच लागतें. शिवाय पी.एच. साडेसातावर असतां क्लोरीनचा जो जंतुनाशक भाग निम्मा असतो, तो साडेआठावर जेमतेम दहावा हिस्सा उरतो! उलट पाणी फार आम्ल झालें तर डोळे चुरचुरतात व सिमेंट झिजतें. पोहण्याच्या पाण्यास ७.२ ते ७.८ हें मान चांगलें.

परीक्षेस हळदीचा कागद आम्हीं प्रथम वापरला. हळद चुन्यानें लाल होते, कुंकू त्यांतूनच बनतें; परंतु तो कागद सुमारें साडेआठाच्या पुढेंच रंग बदलतो. आम्लाविषयीं तो मुकाच. म्हणून रंगपट्टीचा कागदच घ्यावा.

पावडर वडील माणसांनींच हाताळावी. आम्लाशीं तिचा संबंध आला तर विषारी वायु सुटतो. आणि डबा उघडा राहिला तर क्लोरीन उडून जाऊन नुसता चुनाच हातीं राहतो.