पागा, तबेला आणि पेट्रोल पंप

इंदूरला येणारा पाहुणा राजवाडा पाहतो, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहतो, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खातो आणि इंदूर पाहिल्याचे समाधान मानून परततो. ज्या वस्तीपासून या शहराचा आरंभ झाला, त्या जुनी इंदूरकडे मात्र त्याची पावले क्वचितच वळतात. होळकरांच्या आधी येथे कंपेलच्या जमीनदार घराण्याचे ठाणे होते. या घराण्यातील राव नंदलाल मंडलोई यांनी १७१६ मध्ये करमाफीची सनद मिळवून येथे व्यापार वाढविला, असे इंदूरकर अभिमानाने सांगतात. त्यांचा बडा रावळा आजही जुन्या इंदुरात उभा आहे. पुढे मराठ्यांच्या स्वाऱ्या आल्या, होळकरशाही आली, आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानीही येथे आली. त्या राज्याबरोबर आपले पूर्वज आले आणि येथलेच झाले.

या भागात हिंडताना पाट्यांकडे लक्ष ठेवावे. इमारती पडतात, नवी घरे उठतात. परंतु नावे सहसा मरत नाहीत. एक पाटी सांगते मोती तबेला, दुसरीकडे वाचावे तर पागनीस पागा. तबेल्यात आज घोडा नाही आणि पागेत घोडदळ नाही. तरीही दक्षिणेतून नर्मदा ओलांडून उज्जैनकडे व पुढे दिल्लीकडे जाणाऱ्या स्वाऱ्यांच्या वाटेवरचे हे गाव होते, याची साक्ष ही नावे देत राहतात. दमलेला स्वार येथे पायउतार होई आणि मोतद्दार पुढे होऊन लगाम हाती घेई. दाणावैरण, पाणी, खरारा ही सारी कामे त्याची. स्वाराचे नाव बखरीत गेले. मोतद्दाराचे कोणी लिहून ठेवले नाही.

घोड्याची जागा मोटारीने घेतली, तेव्हा मोतद्दाराची जागा कोणी घेतली? पेट्रोल पंपावर नळी हाती धरून उभ्या असलेल्या त्या मुलाने. जुन्या इंदुरातील गल्ल्या अरुंद. तेथल्या स्कूटरी वळणे घेत घेत मोठ्या रस्त्यावरच्या पंपाशी येतात. “भिया, झीरो देख लो” असे म्हणून तो यंत्राकडे बोट दाखवितो आणि नळी टाकीत घालतो. एके काळी पंपांवर बर्मा शेल, एस्सो, कॅल्टेक्स अशी नावे असत. १९७४ ते १९७७ या काळात त्या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ही नावे रूढ झाली. पाट्या बदलल्या, पंपाशी उभा राहणारा माणूस मात्र कायम राहिला.

जगात सर्वत्र असे नाही, हे ज्यांची मुले परदेशी आहेत त्या वाचकांना सांगावयास नको. अमेरिकेत १९४७ मध्ये लॉस एंजेलिस येथे एक पंप असा निघाला की जेथे ग्राहकाने स्वतःच पेट्रोल भरावे आणि त्याबद्दल दर गॅलनमागे थोडे पैसे वाचवावे. तेथेही पैसे गोळा करावयास चाकांचे बूट घातलेल्या मुली फिरत असत. पुढे आत बसलेल्या माणसाला दुरूनच यंत्र सुरू करता येऊ लागले, १९७३ नंतर तेल महागले, आणि स्वयंसेवेचा पंप हाच तिकडचा रिवाज झाला. अपवाद न्यू जर्सीचा. तेथे १९४९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वहस्ते पेट्रोल भरण्यास मनाई केली, ती आजही आहे. कायद्यात कारण सुरक्षिततेचे दिले होते. स्पर्धेला भ्यालेल्या पंपचालकांचा आग्रहही त्यामागे होता. ऑरेगॉन राज्यातील अशीच बंदी २०२३ मध्ये उठली. त्यामुळे एडिसनला लेकीकडे गेलेले आईवडील गाडीत बसूनच पेट्रोल घेतात, जणू इंदुरातच आहेत. आणि शेजारच्या पेनसिल्व्हानियात शिरताच जावईबापूंना खाली उतरून नळी हाती घ्यावी लागते.

मग आपल्याकडे ही पद्धत का नको, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. तो उडवून लावण्यासारखा नाही. स्वतःचे काम स्वतः करण्यात कमीपणा कसला? शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. आपल्या मानकांनुसार त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते, आणि हे द्रव्य कर्करोगास कारण होते. ग्राहक त्या वासात दोन मिनिटे उभा राहतो; तो मुलगा माळव्याच्या उन्हात सारी पाळी त्यातच श्वास घेतो. आपल्या सोयीसाठी त्याने हे का सोसावे? पंपावर माणूस असावा असे म्हणणाऱ्याने या प्रश्नाला बगल देऊ नये. वाफ बाहेर न सोडणारी नळी, सावली, बसावयास जागा आणि पुरेसा पगार या गोष्टी त्याच्या हक्काच्या आहेत.

परंतु नीट पाहिले तर आपल्याकडचा दुचाकीस्वार निम्मी स्वयंसेवा आजही करीत असतो. तो उतरतो, आसन उचलतो, टाकीचे झाकण काढतो आणि लावतोही. नळी तेवढी दुसऱ्याच्या हाती असते. तर मग त्या दुसऱ्या हाताचे काम काय?

एक काम विश्वासाचे. पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते. शंका आल्यास ग्राहकाने ते मागावे. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपेक्षा अधिक तूट कायद्याला मान्य नाही. भेसळीची शंका आल्यास गाळणकागदावर थेंब टाकून पाहण्याचाही हक्क आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात अनेक पंपांच्या यंत्रांत लपविलेले तुकडे सापडले. त्यांच्यामुळे काट्यावर आकडा पूर्ण दिसे आणि टाकीत पेट्रोल कमी पडे. ध्यानात घ्यावे की ही लबाडी यंत्राच्या पोटातली होती. स्वतःच्या हाताने नळी धरली असती तरी ती टळली नसती. माप मागावयास मात्र समोर कोणीतरी लागते. यंत्राला जाब विचारता येत नाही.

दुसरे काम नकाराचे. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वारास पेट्रोल देऊ नये, असा जिल्हा प्रशासनाचा आदेश लागू झाला. तो अमलात कोणी आणावयाचा? त्या पंपावरच्या मुलानेच. लोकांनी दुसऱ्याचे हेल्मेट क्षणभर उसने घेतले. एकाने तर दुधाच्या कॅनचे झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल घेतले आणि त्याचे चित्रण देशभर गाजले. आपण हसलो. पण भर रस्त्यात गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याचे ओझे आपण कोणाच्या खांद्यावर टाकले, याचा विचार फार थोड्यांनी केला. त्या नकाराने कोणाचे तरी डोके वाचले असेल.

तिसरे काम आधाराचे. गुडघे दुखणारे आजोबा, एका हाती पिशवी आणि पुढे नातू घेऊन आलेली आजी यांना जड नळी पेलत नाही. अमेरिकेच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. स्वयंसेवेच्या पंपावर अपंग ग्राहकाने मदत मागितल्यास ती त्याच दरात दिली पाहिजे, असा तेथे नियम आहे. मात्र पंपावर एकच कर्मचारी असेल तर सक्ती नाही. म्हणजे माणसे कमी झाली की कायद्याचा हातही आखडतो.

खरा बदल मात्र पेट्रोलच्या नळीने येणार नाही. तो विजेच्या तारेने येत आहे. चार्जिंग स्थानकावर बहुधा कोणी नसते. तार आपणच जोडावयाची, पैसे मोबाइलवरून भरावयाचे. कोणताही ठराव न होता स्वयंसेवा येथे येऊन पोहोचली आहे. अशा वेळी इंदूरने एका निराळ्या कामात काय केले ते आठवते. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावयाचा, हे काम गृहिणीचे. तो दारातून उचलून न्यावयाचा, हे काम गाडीवरच्या माणसाचे. दोघांनी आपापला वाटा उचलला आणि जुन्या इंदुरातल्या स्वयंपाकघरांतील सालीही शहराच्या उपयोगी पडू लागल्या. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी येथे उद्घाटन झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो वायू तयार करण्याच्या क्षमतेचा आहे, आणि त्या वायूवर शहराच्या बसगाड्या धावतात. नुसत्या स्वयंसेवेने हे झाले नसते, नुसत्या चाकरीनेही नाही.

चार्जिंगच्या स्थानकांबाबतही हाच मार्ग बरा दिसतो. ज्याला जमते त्याने तार स्वतः जोडावी. पण मदत मागणाऱ्यासाठी, तक्रार ऐकण्यासाठी आणि अपघात झाल्यास धावण्यासाठी तेथे शिकविलेला, योग्य पगार घेणारा एक तरी माणूस असावा. आज पंपावर असलेल्या मुलांना ते शिक्षण मिळाले, तर मोतद्दाराची परंपरा खंडित होणार नाही.

असो. पुढल्या वेळी इंदूरला याल तेव्हा एक सकाळ जुन्या इंदुरासाठी राखून ठेवा. रावळा पाहा, शनिमंदिर पाहा, मोती तबेल्याची पाटी वाचा. परतताना पंपावर थांबाल तेव्हा शून्य अवश्य पाहा. आणि ते दाखविणाऱ्याकडेही पाहून दोन शब्द बोला.