हरायची मुभा

गेम खेळणं सुटलं असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, तंबाखू सुटल्याचं सांगितल्यावर दिसावं तसं. बरं झालं म्हणतात, वेळ वाचला म्हणतात. कुणाचं गाणं सुटलं, वाचन सुटलं, तर आपण हळहळतो, 'पुन्हा सुरू कर की' म्हणून मागं लागतो. गेमबद्दल कुणी हळहळत नाही. मला मात्र मनापासून वाईट वाटतं. शाळेपासून पस्तिशी उलटेपर्यंत सोबत राहिलेली आवड मनातून हळूहळू निघून गेली आणि ती गेल्याचं सुतक पाळायला मी एकटीच उरले. ती का गेली हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला, कारण समोर आलेली पहिली दोन-तीन उत्तरं सोपी होती आणि चुकीची होती.

आमच्याकडं सोलापुरात टीव्ही गेम आला तेव्हा मी माध्यमिक शाळेत होते. निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र विकायला काढलं होतं. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडं वेगवेगळ्या नावांनी मिळायच्या. बाबांनी त्यातलीच एक नवी पेठेतून आणली. कॅसेटवर लाखांत आकडा छापलेला, आणि आत मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून तिथं गेमची वायर खुपसायची, मग चित्र लागेपर्यंत चॅनेलचं बटण फिरवत बसायचं. चित्र नाही लागलं तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची आणि परत दाबून बसवायची. यानं पिक्चर ट्यूब जाते, असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळं तासाभरानं टीव्हीला हात लावून तो किती तापलाय हे बघायचं काम आजीकडं होतं. आजी ते इमानदारीनं करायची आणि मग तिथंच बसून राहायची.

मे महिन्याच्या दुपारी सोलापुरात बाहेर पाय टाकायची सोय नसते. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही घरात. पाच वाजले की तो मैदानावर पळायचा. मी नाही. कधीमधी गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मला घ्यायचे, शेवटी बॅटिंग द्यायचे, आणि पहिल्याच चेंडूवर दांडी उडाली की कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांच्या ते लक्षात राहायचं. मुलीनं एखादी गोष्ट वाईट खेळावी, पुन्हा वाईट खेळावी, आणि कुणी काही न बोलता तिला खेळत राहू द्यावं, अशी जागा गावात मला माहीत नव्हती. ती मला टीव्हीसमोरच्या सतरंजीवर मिळाली.

'मारिओ' सगळ्यांना आवडायचा, आजीलाही. पण आमचा खरा गेम होता 'कॉन्ट्रा'. कोनामी कंपनीचा, १९८७ सालचा. दोघांनी एकदम खेळायचा. निळ्या विजारीचा माझा, लाल विजारीचा त्याचा. प्रत्येकाला तीन लाइफ, आणि एक गोळी लागली की एक लाइफ गेली. जखमी होणं वगैरे काही नाहीच. सुरुवातीला आम्ही जंगलातल्या पहिल्या पुलाच्याही पुढं जात नव्हतो, कारण पूल पायाखालीच फुटायचा. तो कसा फुटतो, किती वेळ थांबतो, हे मरून मरूनच कळलं. सांगणारं कुणी नव्हतं. वरून अक्षरं पडायची. त्यातलं एस मिळालं की बंदूक पंख्यासारख्या पसरणाऱ्या गोळ्या मारायची, आणि त्या एससाठी आम्ही एकमेकांना अक्षरशः कोपरानं ढकललं आहे.

तिसऱ्या स्टेजला धबधबा होता. तिथं सरळ जायचं नसतं, उड्या मारत वर चढायचं असतं. त्या स्टेजची एक क्रूर गंमत होती. एकानं घाई करून वरचा कातळ गाठला की पडदा वर सरकायचा, आणि जो खाली राहिला तो पडद्याच्या खालच्या कडेत सापडून मरायचा. त्याला गोळी लागलेली नसायची, शत्रू आसपास नसायचा, फक्त आपला माणूस पुढं निघून गेलेला असायचा. भावाला थांबताच यायचं नाही. मी धबधब्यात त्याच्यामुळं किती वेळा मेले असेन याची गणती नाही. आणि माझ्या लाइफ संपल्या की मी त्याची एक उचलायचे, कारण गेममध्ये तशी सोय होती: स्वतःच्या संपल्या तर बटण दाबून जोडीदाराच्या शिलकीतली घ्यायची. विचारून घ्यायची, असा आमचा नियम होता. मी न विचारता घ्यायचे. मग रिमोट आपटला जायचा, आई आतून ओरडायची, आजी म्हणायची, "अगं दे त्याची त्याला परत." परत द्यायची सोय मात्र गेममध्ये नव्हती. पाच मिनिटांत पुन्हा पहिल्यापासून सुरू. मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून, कारण कुठवर आलो हे लक्षात ठेवणं त्या यंत्राला येतच नव्हतं.

पुढं केव्हातरी भावाच्या मित्रानं तीस लाइफची युक्ती आणली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. त्या युक्तीमागची हकिकत मी फार उशिरा, २०२० साली वाचली. काझुहिसा हाशिमोतो वारले तेव्हा. ते कोनामीत प्रोग्रामर होते. १९८६ साली 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रावर आणताना तो तपासायचा म्हणजे शेवटपर्यंत खेळायचा, आणि त्यांना स्वतःलाच तो झेपेना. म्हणून त्यांनी लक्षात राहील असा बटणांचा क्रम आपल्यासाठी आत घालून ठेवला आणि तो तसाच राहून गेला. हे वाचून मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. गेम करणाऱ्यालाच गेम जमत नव्हता, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नव्हता. सोलापूरच्या आमच्या सतरंजीवरचं वातावरण नेमकं तसंच होतं. तिथं न जमणं ही रोजची गोष्ट होती.

सांगलीला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा हॉस्टेलवर एका मैत्रिणीचा कॉम्प्युटर होता. त्यावर 'एज ऑफ एम्पायर्स', 'रोड रॅश', आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा २००३ साली आलेला नवा अवतार. त्यात राजपुत्राकडं एक खंजीर असतो. कड्यावरून पडलं की त्या खंजिरानं काळ काही क्षण मागं फिरवता येतो आणि पडलेला माणूस उलटा वर येऊन उभा राहतो. परीक्षेच्या दिवसांत आम्ही मुली त्या खंजिरासाठी काय वाटेल ते द्यायला तयार होतो. मूळचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९चा. जॉर्डन मेक्नर यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. भावाला उड्या मारायला लावणाऱ्या थोरल्या भावंडाशी माझं लगेच जमलं.

नोकरी लागली, पुण्यात आले, लग्न झालं. मी इमारतींच्या आरसीसीचं काम करते. बीममध्ये किती सळया, कुठल्या जाडीच्या, रिंगा किती अंतरावर, हे ठरवायचं आणि स्लॅब भरण्याआधी साइटवर जाऊन तपासायचं. काँक्रीट एकदा पडलं की त्यात काय राहून गेलं ते दिसत नाही. साइटवर बाई म्हणून गेलं की पहिले काही महिने प्रत्येक मिस्त्री तुमची परीक्षा घेतो, आणि त्या परीक्षेत एकदाही 'बघून सांगते' म्हणायची चोरी असते. मी ती परीक्षा पास झाले. नाव झालं. आज कॉन्ट्रॅक्टर माझ्या शब्दावर सेंटरिंग उघडतो. न चुकणं हा माझा पेशा झाला आणि मला त्याचा अभिमान आहे.

याच काळात घरात प्लेस्टेशन आलं. स्वतःच्या पगारातून घेतलेलं, तेव्हा आई-बाबांना विचारायचा प्रश्न नव्हता. 'रेड डेड रिडेम्पशन २' हा २०१८चा गेम मी फार आशेनं लावला. १८९९ सालची अमेरिका, बर्फात अडकलेली दरोडेखोरांची टोळी. इतकं देखणं काम मी गेममध्ये पाहिलं नव्हतं. घोड्याला खरारा करावा लागतो, चारा घालावा लागतो, बंदुकीला तेल द्यावं लागतं. पहिले काही दिवस मी हरखून गेले. मग एका पाठलागात मी सारखी मरू लागले. त्या गेममध्ये एकाच ठिकाणी काही वेळा हरलं की गेम स्वतःहून विचारतो, हा भाग सोडून पुढं जायचं का? मी 'हो' दाबलं.

त्याच क्षणी काहीतरी तुटलं असं मला तेव्हा वाटलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक अवघड जागी मी ते बटण शोधू लागले. नाही सापडलं तर फोन काढून यूट्यूबवर कुणीतरी तो भाग कसा पार केला ते बघायचं. मग अवघडपणा कमी करून ठेवला. मग गेम लावायच्या आधीच कंटाळा यायला लागला. मी स्वतःला सांगत होते की वेळ नाही. ते खरं नव्हतं, कारण तेवढाच वेळ मी फोनवर बोट फिरवत घालवत होते. वय झालं म्हणावं, तर माझ्याहून थोरली माणसं तासन्‌तास बुद्धिबळ खेळतात आणि त्यांना कुणी वयाचं सांगत नाही. गेम पूर्वीसारखे राहिले नाहीत, असंही बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. गेम पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले झाले आहेत.

भाऊ आता शारजाला असतो. त्यानं सुचवलं, ताई, आपण दोघं खेळू. 'इट टेक्स टू' नावाचा २०२१चा गेम आहे, तो एकट्याला खेळताच येत नाही, दोन माणसं लागतातच. एकानं विकत घेतला तरी दुसरा त्यात येऊ शकतो. शुक्रवारी रात्री आम्ही कानाला हेडफोन लावून बसायचो. गेम सुंदर होता. पण आम्ही दोघं किती सभ्य झालो होतो! "तू जा आधी." "नाही नाही, तू जा, मी थांबतो." त्याची उडी चुकली की तो सॉरी म्हणायचा. मला धबधब्यात मारून वर हसणारा माझा भाऊ मला सॉरी म्हणत होता, आणि मीही "असू दे, माझंच चुकलं" म्हणत होते. आम्ही एकमेकांची लाज राखत खेळत होतो. दोन-तीन शुक्रवारांनंतर त्याला काम निघालं, मग मला निघालं, आणि दोघांनीही पुन्हा विषय काढला नाही.

त्या सॉरीनं मला खरं उत्तर दिलं. माझी गेमची आवड नंतर गेली, आधी हरण्याची ताकद गेली होती. येस्पर यूल नावाचे डेन्मार्कचे एक अभ्यासक आहेत. त्यांनी २०१३ साली हरण्यावरच एक पुस्तक लिहिलं. त्यांना पडलेला पेच असा: माणूस एरवी अपयश टाळतो, मग जिथं हमखास हरणार हे माहीत आहे अशा खेळाकडं तो आपण होऊन का जातो? लहानपणी मला हा पेच पडलाच नसता. हरण्याला किंमत नव्हती म्हणून हरणं हाच खेळ होता. पुढची वीस वर्षं मी न हरण्याचा सराव केला, आणि तो इतका चांगला झाला की जिथं हरल्यानं कुणाच्या डोक्यावर स्लॅब कोसळणार नाही, तिथंही हात आखडू लागला. मरण फुकट असलेल्या जागीही मला पुढं ढकलणारं बटण लागू लागलं. बायकांच्या बाबतीत हे जरा लवकर आणि जरा जास्त होतं, असं माझं मत आहे, कारण आमची चूक एकटीची धरली जात नाही, 'म्हणूनच बायकांना देऊ नये' याचा पुरावा म्हणून ती जपून ठेवली जाते. त्यामुळं गेम सुटण्याला मोठं होणं म्हणून कुणी शाबासकी दिली की मला ती घ्यावीशी वाटत नाही. एक चांगली गोष्ट माझ्याकडून गेली आहे.

प्लेस्टेशन मागच्या वर्षी विकलं. ते परत घ्यावं असं वाटत नाही, आवड परत आलेली नाही.

ऑफिसात एक नवीन मुलगी आली आहे, नुकतीच डिग्री घेतलेली, आणि प्रत्येक रेघ मला विचारून काढणारी. तिच्या डोळ्यांत चुकण्याची जी धास्ती आहे ती मला ओळखीची आहे. मी तिला एक जुनी, कधीच बांधून झालेली चार मजली इमारत दिली आणि सांगितलं, हिचं सगळं डिझाइन तू नव्यानं कर. ही कुठं बांधली जाणार नाही, कुणी बघणार नाही, मला वाट्टेल तितक्या वेळा चुकलेली दाखव. पहिल्याच कागदावर तिनं कॅन्टिलिव्हर बाल्कनीच्या मुख्य सळया खालच्या बाजूला दाखवल्या होत्या. तशी बाल्कनी उभीच राहणार नाही, कारण तिथं ताण वरच्या बाजूला येतो. काय चुकलं ते मी सांगितलं नाही. "पडली," एवढंच म्हणाले. ती तोंड वाकडं करून गेली. दुपारी परत आली तेव्हा सळया वर होत्या, पण आतल्या स्लॅबमध्ये पुरेशा लांब नेल्या नव्हत्या. "परत पडली," मी म्हणाले. या वेळी ती हसली, कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, "थांबा मॅडम, सांगू नका."