‘तू तिथून कधी निघालास?’

‘‘रस्ता एकदम मक्खन आहे मॅडम, बिनधास्त या!’’

जून २०२४. फोनवर कॅम्पवाला बोलत होता आणि मी भिवंडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून मनातल्या मनात बॅग भरत होते. भंडारदरा, काजवे, तंबू, रात्रभर गप्पा... आणखी काय पाहिजे? मी एकच प्रश्न विचारला होता, ‘रस्ता कसा आहे?’ त्याने एकच उत्तर दिलं होतं. विषय संपला!

पुढच्या शनिवारी रात्री नऊच्या सुमारास, धरणाच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यावर माझी बाइक पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात गेली. माझ्या हातात हँडल होतं, त्यामुळे मला गुडघ्यावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मागे बसलेली माझी मैत्रीण मात्र उडाली. कॉलरबोन फ्रॅक्चर. मोबाइलला रेंज नाही, आजूबाजूला किर्र अंधार. एका जीपवाल्या मामांनी देवासारखं येऊन आम्हाला उचललं. हाडांच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला दीड तास लागला. त्या दीड तासात ती एक शब्द बोलली नाही. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर मी खड्ड्याला, पावसाला, कॅम्पवाल्याला, सगळ्यांना मनसोक्त दोष देऊन घेतला. पण खरं सांगू? खड्डा माझ्या आधीपासून तिथे होता. मी त्याची चौकशी केली नव्हती, एवढंच.

त्यानंतर वर्षभर ती बाइकवर बसली नाही. आमच्या गप्पा चालू होत्या, पण ‘कुठेतरी जाऊया यार’ हे वाक्य गप्पांमधून गायब झालं होतं. आणि मग २०२५ च्या एप्रिलमध्ये एक दिवस कटिंग पिता पिता तीच म्हणाली, ‘‘काजवे राहिलेच ना गं आपले.’’ मी उडालेच! पण तिच्या आईची, म्हणजे काकूंची अट होती. ‘‘जायचं तर जा. पण ठरवणारी हीच असेल, तर नको.’’

ही म्हणजे मी. काकू समोर नव्हत्या, तरी माझी मान खाली गेली.

चाचांचा क्रॅश कोर्स

आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा आहे, त्याला आम्ही ‘एक्सेल’ म्हणतो. पिकनिकला किती अंडी लागतील याचीही तो शीट बनवतो. त्याने तंबू, टॉर्च, मॅगी, ओडोमॉस अशी चाळीस आयटमची यादी मेल केली. त्यात रस्त्यासाठी एक ओळ होती, ‘मॅप चेक करणे’.

ती यादी मी आमच्या तळमजल्यावरच्या चाचांना दाखवली. भिवंडी म्हणजे एकीकडे पॉवरलूमचा खडखडाट आणि दुसरीकडे संपता संपत नाहीत अशी गोडाऊन्स. इथे दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी गाडीवर असतंच. चाचांनी तीस वर्षं भिवंडी-मालेगाव ट्रक चालवला. लूमची दोन्ही गावं आग्रा रोडवर, त्यामुळे कधी सूत, कधी कापड. कसारा घाटाची वळणं त्यांना जपमाळेसारखी पाठ आहेत.

यादी वाचून चाचा हसले. ‘‘बेटा, मॅप ये बताएगा कि गाडी कितनी है. गड्ढा कितना है, वो नहीं बताएगा.’’

खरंच की! मॅपवर लाल रंग म्हणजे ट्रॅफिक. शुक्रवारी संध्याकाळी मानकोली, रांजनोलीला तो लाल असतोच. पण ज्या आडरस्त्याने दिवसभरात चार गाड्या जातात, तो मॅपवर कसा छान मोकळा दिसतो. तो मोकळा का आहे, हे मॅप सांगत नाही.

‘‘और ‘रास्ता कैसा है’ ये मत पूछ,’’ चाचा म्हणाले. ‘‘पूछ, तू वहाँ से कब निकला था?’’

मग त्यांनी मला बाकीचे प्रश्न शिकवले. मी ते वहीत उतरवून घेतले आणि आज तुमच्यासाठी इथे देते. फुकटात!

एक. तुम्ही स्वतः तिथून शेवटचे कधी गेलात? गेल्या महिन्यातलं उत्तर पावसाळ्यात रद्दी असतं.

दोन. कोणत्या गाडीने? दहा चाकी ट्रकला जो खड्डा कळतसुद्धा नाही, तो स्कूटर आडवी करतो.

तीन. किती वाजता? दुपारी दोनचा रस्ता आणि रात्री नऊचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात.

चार. पावसाच्या आधी की नंतर? कोरडा खड्डा दिसतो. भरलेला खड्डा डबकं वाटतो.

पाच. त्याच रस्त्याने परत आलात का? नसाल, तर का नाही?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर देणाऱ्याचा फायदा कशात आहे ते बघायचं. ज्याला तंबू भाड्याने द्यायचा आहे, त्याचा रस्ता बाराही महिने मक्खनच असणार.

मला ऑस्ट्रेलियाची आठवण झाली. तिथल्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड मुलखात, शेकडो किलोमीटर मातीचे रस्ते आहेत. एकटा बर्ड्सव्हिल ट्रॅकच ५०० किलोमीटरच्या वर आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचं सरकार या रस्त्यांची स्थिती जाहीर करत असतं. हा उघडा, हा बंद, हा फक्त फोर-व्हील ड्राइव्हसाठी. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड! आपल्याकडे हिमाचलमध्ये लाहौल-स्पितीचे पोलीसही खिंडी उघड्या की बंद ते कळवतात. सह्याद्रीतल्या आडरस्त्यांचं काय? तिथे आपली यादी आपणच बनवायची.

तीन तुकडे, तीन माणसं

मी रस्त्याचे तीन तुकडे केले. पहिला भिवंडी ते घोटी. पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी. हा चाचांचा इलाखा. त्यांच्या ओळखीचे ड्रायव्हर रोज ये-जा करणारे, एका फोनवर ताजी खबर.

दुसरा घोटी ते शेंडी, म्हणजे भंडारदऱ्याचं गाव. साधारण ३५ किलोमीटर, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून जाणारा. त्यासाठी घोटीहून प्रवासी जीप चालवणारे एक काका मिळाले. वर्षापूर्वी आम्हाला उचलणाऱ्या मामांचेच दोस्त.

तिसरा तुकडा खरा. शेंडीहून १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाला वळसा घालत घाटघर, साम्रद, रतनवाडीकडे जाणारा. आम्ही पडलो होतो तो हाच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य इथेच आहे. घाटघरला तर इतका पाऊस पडतो की लोक त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर.) इथली खबर कोण देणार? तर दुधाची गाडी चालवणारा एक मुलगा! रोज सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो वा नसो, तो त्या रस्त्यावर असतो. दूध थांबत नाही ना!

त्याचा नंबर मिळवायला मला चार फोन करावे लागले. एक्सेलच्या शीटमध्ये मी रस्त्याचा वेगळा कॉलम टाकला. कुणी सांगितलं, कधी, कोणत्या गाडीवरून. एक्सेलचे डोळे भरून आले!

तारीख ठरली. शनिवार, २४ मे २०२५. काजवे साधारण मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. मान्सून मुंबईत यायची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे मोसम आपला, पाऊस लांब. परफेक्ट!

पण पावसाने आमची शीट वाचली नव्हती. त्या आठवड्यात कोकणाजवळ अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि हवामान खात्याचे इशारे सुरू झाले. तोपर्यंत मला यलो, ऑरेंज, रेड म्हणजे फक्त बातम्यांमधले रंग वाटायचे. तेव्हा कळलं की २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं आणि ११५.५ च्या पुढे अतिमुसळधार.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिन्ही फोन लावले. चाचा म्हणाले, घाटात धुकं आहे, पण गाड्या चालू आहेत. जीपवाले काका म्हणाले, ‘‘सावकाश आलात तर याल.’’ दूधवाल्या मुलाचा फोन लागायला रात्रीचे आठ वाजले.

‘‘ताई, मी आत्ताच आलो. एका वळणावर दगडमाती आलीये. मी कडेने काढली गाडी. पण मला रस्ता पाठ आहे.’’

‘‘आम्ही उद्या आलो तर?’’

तो दोन सेकंद गप्प बसला. ‘‘माझी बहीण असती तर नको म्हणालो असतो.’’

इकडे नव्या कॅम्पवाल्याचं आपलं तेच. रस्ता ओके, या बिनधास्त, डिपॉझिट मात्र परत नाही. ४,००० रुपये! ग्रुपवर राडा सुरू झाला. एक म्हणाला, इतक्या लोकांना विचारलं की कुणीतरी घाबरवणारच. एक्सेलने रजा टाकली होती, तो वेगळाच पेटला होता. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. माझी मैत्रीण काहीच लिहीत नव्हती. टायपिंग... टायपिंग... आणि परत शांत.

मी लिहिलं, ‘कॅन्सल. पैसे माझे गेले असं समजा.’

रात्री साडेअकराला तिचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, ‘‘तू आज जाऊया म्हणाली असतीस ना, तर मी आले असते. पण पुन्हा कधीच आले नसते.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘पुढची तारीख बघ.’’

मी गॅलरीत एकटीच रडले. बाहेर पाऊस धो धो पडत होता.

आणि मग...

२६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला. नेहमीपेक्षा १६ दिवस आधी! मग महिन्याच्या शेवटी तो दमल्यासारखा थांबला. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडलं. मी पुन्हा फोन फिरवले. दूधवाला म्हणाला, ‘‘आज सकाळी गेलो, आज सकाळीच आलो. दगड काढलेत. दिवसाउजेडी पोहोचा.’’ झालं! शनिवार, ७ जून.

त्या दिवशी बकरी ईद होती. चाचा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नमाज पढून आले, तशाच कपड्यांत त्यांनी आमच्या भाड्याच्या हॅचबॅकच्या चारही चाकांची हवा बघितली आणि डिकी उघडून स्टेपनी दाबून पाहिली. ‘‘अब जाओ.’’

दोनच दिवस आधी, ५ जूनला, समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला होता. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता संपतो कुठे, तर आमच्या भिवंडी तालुक्यात! बाइकला त्यावर बंदी आहे, पण या वेळी आम्ही कारवाले होतो. सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सुसाट बाहेर पडलो, कसारा घाट लागलाच नाही. सगळे जाम खूश. पण पुढे शेंडीनंतरचे थोडेसे किलोमीटर कापायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला आणि मी ताशी २० च्या वर गेले नाही. कुणीही टोमणा मारला नाही.

ते वळण आलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘‘थांब.’’ आम्ही उतरलो. आमचा खड्डा बुजवलेला होता. त्याच्या शेजारी नवा पडला होता! ती बराच वेळ बघत राहिली, मग फोटो काढला आणि काकूंना दाखवायला ठेवला. ‘‘परत येताना मी चालवते,’’ म्हणाली.

अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून आम्ही दूधवाल्याच्या मावशीच्या शेतात मुक्काम केला. अंधार पडायच्या आत तंबू उभे, पिठलं-भाकरी पोटात. मग गाडीचे दिवे बंद, टॉर्चवर लाल कागद. काजव्यांचा नर लुकलुकून मादीला साद घालतो. आपल्या हेडलाइटच्या झोतात ती साद दिसतच नाही. आधी काहीच नव्हतं. मग सादड्याच्या एका झाडावर एक ठिणगी, मग दहा, मग सगळं झाड एकाच वेळी पेटायचं आणि विझायचं. मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. या वेळीही ती एक शब्द बोलली नाही. पण हा गप्पपणा वेगळा होता.

रविवारी संध्याकाळी भिवंडीत शिरलो तेव्हा चाचा दारातच खुर्ची टाकून बसले होते. काजवे किती दिसले, फोटो काढले का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या शेजारी मोबाइल कानाला लावून एक मुलगा उभा होता. त्याला सोमवारी पहाटे टेम्पो घेऊन शेंडीला जायचं होतं.

‘‘इसको बता,’’ चाचा म्हणाले.

मी ताठ उभी राहिले. ‘‘आज दुपारी तीन वाजता निघालो. हॅचबॅकने. पाऊस नव्हता. शेंडीच्या पुढे एका वळणावर डाव्या हाताला नवीन खड्डा आहे, भरला तर दिसणार नाही. त्याच रस्त्याने परत आलो.’’

मुलाने मान डोलावली आणि फोनवर पलीकडच्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं.