ओट्यावरचा शरद

प्रथम वर्षाला असताना एकदा संस्कृतच्या तासाला 'ऋतुसंहारा'चा विषय निघाला होता. कालिदासाने शरदाला नववधूचे रूप दिले आहे, शरदात आकाश स्वच्छ होते, नद्यांचे पाणी निवळते, असे सर रंगून सांगत होते. वर्गातल्या इतरांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल ते असो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या घराचा ओटा उभा राहिला. दहा फूट लांब, चार फूट रुंद, वर गंजका पत्रा आणि दोन लाकडी खांब. कालिदासाने पाहिला असता तर त्यावर एक अर्धा श्लोकही लिहिला नसता!

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. कृष्णा जवळ, म्हणून पुराच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. मी तेव्हा नववीत होते. पाणी आधी गल्लीत आले, मग पायरीवर, मग ओट्यावर. बाबांनी आजीला उचलून ओट्यावरूनच होडीत ठेवले. तिच्या हातात देवांचे गाठोडे होते. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मिरजेला आत्याच्या घरी पोचल्यावर मात्र म्हणाली, "ज्या ओट्यावरनं मला होडीत घातलं, त्या ओट्यावर मी आता पाय ठेवायची नाही."

आम्हाला वाटले, म्हातारे माणूस, चार दिवसांत राग जाईल. पाणी ओसरले, आम्ही घरी परतलो. घरातला गाळ फावड्याने ओढला. गणपती आले आणि गेले, तरी आजी आली नाही. दुपारी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. ओटा रिकामा दिसला की भाजीवालीसुद्धा विचारी, "आजी हाय न्हवं?" त्या प्रश्नाचा अर्थ कळून माझ्या पोटात खड्डा पडे.

एका रात्री मी बाबांना म्हटले, "आपण ओटा सजवू या. दसऱ्याला आजीला आणू."

आई तडकली. "डब्यात डाळ नाही आणि ओटा कसला सजवताय?" तिचे चुकीचे नव्हते. बाबा हळदीच्या पेढीवर दिवाणजी. पेढीतली हळद भिजलेली, पगार निम्म्यावर आलेला. बाबा काही बोलले नाहीत. सकाळी मात्र माझ्या दप्तरावर शंभराच्या तीन नोटा ठेवलेल्या होत्या.

तीनशे रुपयांत काय काय होते, याचा हिशेब मला आजही पाठ आहे. चुना 80, दोन किलो गेरू 70, अर्धा किलो झेंडू 50, डझनभर पणत्या 40, पांढरी रांगोळी 20. उरलेल्या चाळिसांत पतंगाचा कागद आणि सुतळी.

पहिला दगा भिंतीने दिला. पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर उमटली होती. चुन्यात थोडा डिंक, चिमूटभर नीळ घालून मी दोन हात दिले. ओला असताना भिंत दुधासारखी दिसली. वाळल्यावर रेघ पुन्हा वर! तिसरा हात दिला, तरी तीच गत. चुना संपत आला आणि मला रडू फुटले. आई आतून आली, भिंतीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "झाकत नाही ना? मग झाकू नकोस. तिच्यापर्यंत गेरू दे."

रेघेखालचा सारा भाग आम्ही दोघींनी गेरूने सारवला. सुतळी ताणून वरची कड सरळ घेतली. कडेवर आईने उरलेल्या चुन्याचे ठिपके दिले. जी रेघ दोन महिने डोळ्यांत खुपत होती, तिचा काठ झाला. खाली तांबडे, वर पांढरे. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, देवळासारखा दिसायला लागला की ओटा!" आईला हसताना मी त्या पावसाळ्यानंतर प्रथमच पाहिले.

तोरणाला आंब्याची पाने शेजाऱ्यांच्या झाडाची. झेंडूची फुले अंतर राखून ओवली, म्हणजे थोडक्यात भागते. दरवर्षी आम्ही तोरणात भाताच्या लोंब्या बांधतो. त्या वर्षी त्या कुठून आणायच्या? नेमकी जतची मावशी भेटायला आली. आमच्याकडे पूर आला, तेव्हा एकाच जिल्ह्यातल्या तिच्या तालुक्यात पाण्याचे टँकर चालू होते. जेमतेम हाती लागलेल्या बाजरीची चार कणसे तिने पिशवीत घालून आणली होती. "आमच्याकडं पाणी न्हाई, तुमच्याकडं नको इतकं. पांडुरंगाला वाटणी जमत न्हाई बघ," असे म्हणत तिने स्वतःच ती तोरणात बांधली. पुरात बुडालेल्या दारावर दुष्काळातले धान्य लागले.

8 ऑक्टोबरला दसरा झाला. मी मिरजेला जाऊन आजीला सोने दिले, ओट्याचे वर्णन केले. तिने ऐकून घेतले आणि विषय बदलला. परतताना एस. टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले. तीनशे रुपये पाण्यात गेले, असे मला वाटले.

पुढे झेंडू सुकला, आंब्याची पाने कुरकुरली. आई तोरण काढायला निघाली, पण कणसांवर चिमण्या यायला लागल्या होत्या. पुरानंतर गल्लीत चिमणी दिसली नव्हती. मी म्हटले, "राहू दे गं." त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावरही पाऊस थांबेना. पायरीवर काढलेली रांगोळी दोनदा वाहून गेली. मग मी ती पत्र्याखाली, भिंतीला चिकटून काढली. पुरात मोडलेल्या टोपलीच्या कामट्या घेतल्या, कणकेच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवला आणि एका बाजूला कललेला का होईना, आकाशकंदील तयार केला.

26 ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, दाराशी रिक्षा थांबली. आत्याचा हात धरून आजी उतरली आणि पायरीशीच थबकली. पणत्या लागल्या होत्या. तिने आधी वर पाहिले.

"कणसं रिकामी का गं?"

"चिमण्यांनी खाल्ली."

"चिमण्या आल्या म्हणायच्या," ती स्वतःशीच बोलली. मग ओट्यावर चढली, भिंतीजवळ गेली आणि गेरूच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "इथवर आलं होतं?" मी मान हलवली. ती काठ संपेपर्यंत हात फिरवत गेली आणि खांबाशी, आपल्या नेहमीच्या जागी, बसली. आई आत चहा टाकायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. आजीला पुन्हा त्याच ओट्यावरून न्यावे लागले, पण या खेपेस पाणी ओसरताच तीच सर्वांच्या आधी परतायला निघाली. पाणी ओट्यावर गुडघ्याएवढेच चढले होते. तिने भिंत निरखली आणि म्हणाली, "बघ, गेरूच्या वर जायची छाती झाली नाही त्याची. एक किलो गेरू आण. बाकीचं मी बघते."

अजून दरवर्षी दसऱ्याआधी आम्ही गेरूचा हात देतो. काठ मात्र 2019 च्याच उंचीवर ठेवतो. शरदात नदीचे पाणी निवळते हे खरे आहे. पण माणसांना निवळायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि त्यासाठी कुणीतरी ओटा सारवून, पणती लावून वाट पाहावी लागते.

— तृतीय वर्ष, कला